मागच्या सीटवर बसून घेतलेली गाडी

भंडारा,
दिवाळीच्या आधीचा सोमवार

प्रिय तुलाराम,

आधी वाईट बातमी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं पत्र तू निवांत वाचशील. आपली जुनी मोटारसायकल गेली. चोरीला नाही गेली, तिला चोरणारा माणूस अजून जन्माला यायचाय. लाखनीहून येताना ती आधी खोकली, मग तिनं एवढा धूर सोडला की मागच्या ट्रकवाल्यानं ट्रक थांबवला, आणि मग ती जी गप्प झाली ती झालीच. टेम्पोत घालून तिला कृष्णरावांच्या गॅरेजमध्ये आणलं. त्यांनी इंजिन उघडलं, आत बराच वेळ पाहिलं आणि हात पुसत म्हणाले, "कैलाशभाऊ, याच्यात आता काही उरलं नाही जी. इतके दिवस चालून राहिली हेच नवल समजा." तू तिथे असतास तर त्यांच्याशी तासभर वाद घातला असतास. मी नाही घातला. चहा प्यायलो आणि घरी आलो.

पत्र पाहून म्हणशील, याच्या फोनला काय झालं? फोनला काही झालेलं नाही, नागपूरला मुलाकडे गेल्यापासून फोनवर तुला काहीतरी होतं. ‘हो, हो, बरं हाय’ एवढं बोलतोस आणि फोन सूनबाईच्या हातात देतोस. मग अपेक्षा बिचारी मला तुझ्या गोळ्यांची नावं ऐकवत बसते. मागच्या खेपेला तर तू फोनवर आलाच नाहीस. अमरकडून निरोप दिलास, की बाबा म्हणतात नाव टाकायचं मशीन विकून टाका, हातच चालत नाही तर कायले ठेवता. त्या निरोपाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. देणार आहे, पण आधी गाडीचं सांगून होऊ दे. पत्रात तुला मला मध्येच तोडता येत नाही, म्हणून तर कागद घेऊन बसलोय.

ती गाडी घरी आली तो दसरा आठवतो ना? झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि मी हौसेनं म्हटलं, तुलाराम, तुझं मशीन आण आणि टाकीवर माझं नाव टाक. गावोगावच्या भांड्यांवर तू नावं टाकतोस, मग माझ्या गाडीनं काय पाप केलंय? लग्नाचे दिवस जवळ आलेले, तू सकाळपासून आंदणाच्या भांड्यांवर एकामागून एक नावं कोरत होतास. माझं नाव टाकलंस आणि तुझा हात थांबलाच नाही. सवयीनं पुढे गेला. थांबलास तेव्हा टाकीवर लिहिलेलं होतं, ‘कैलाश यास तुलारामकडून सप्रेम भेट’. सगळा बाजार बघायला आला होता. तुझी रुखमावहिनी आजही तेच म्हणते, "गाडी दोस्तानं भेट देल्ली, हप्ते मात्र तुमीच भरले." तू रंग लावून झाकून देतो म्हणालास, तेव्हा मीच नको म्हटलं. पुढे त्या अक्षरांच्या कडेकडेनं गंज चढला आणि अक्षरं उलट जास्तच ठळक दिसायला लागली.

कृष्णराव गाडी सुट्या भागांसाठी घ्यायला तयार झाले. मी म्हटलं, सगळी न्या, टाकी तेवढी सोडून जा. ते डोळे वटारून माझ्याकडे पाहायला लागले, आणि मला एकदम पवनीची ती म्हातारी आठवली. तिनं दुधाची फुटकी पितळी कसांडी मोडीत दिली होती, पण काठावर तिच्या आईचं नाव होतं. तू कातरीनं तेवढा काठ कापलास आणि तिच्या हातावर ठेवलास. तेव्हा मी तुझ्याकडे अगदी असाच पाहत होतो. लोकांची मोड आपण इतकी वर्षं घेतली, रे, पण स्वतःची मोड देताना काय वाटतं ते मला आत्ता कळलं. टाकी दुकानात ठेवलीय, तराजूच्या वरच्या फळीवर. गिऱ्हाईक विचारतं, ही कितीला?

आता नवीन गाडीचं. हायवेवरच्या शोरूममध्ये गेलो तर आधी डोळा गेला तो एका धडधडणाऱ्या काळ्या गाडीवर. तुला खोटं कशाला सांगू, मन फार झालं होतं. पण रुखमा सोबत होती. ती म्हणाली, "तुमाले भांडी इकायची हायेत का मिरवनूक काढायची हाय?" मग रक्षा नावाच्या तिथल्या मुलीनं दुसऱ्या बाजूला नेलं आणि ही दाखवली. लांबच्या प्रवासाची गाडी, टूरिंग म्हणतात. लोक म्हणे हिच्यावरून लडाखला जातात. आपल्याला जायचं सानगडीला, पण खड्डे काही कमी नाहीत. टाकी मोठी, हँडल उंच, त्यामुळे पाठ सरळ राहते. दोन्ही बाजूंना पेट्या लावता येतात, मागे कॅरिअर. आता पोती बांधायला नकोत, पाण्याच्या पितळी गुंडावर मांडी टाकून बसायला नको, आणि वळणावर परातींचा आवाज ऐकून गाय बिथरली असंही व्हायचं नाही.

मी गाडी कशी पसंत केली ते ऐकून हसशील. सगळे पुढे बसून हँडल हलवून पाहतात. मी मागच्या सीटवर चढून बसलो. सीट रुंद आहे, मागे टेकायला पाठ आहे, आणि डाव्या-उजव्या दोन्ही अंगाला धरायला दांड्या आहेत. एकदा उजवा हात सोडून बसलो. मग पाय जरा ताठ ठेवून बसून पाहिलं. मग डोळे मिटून बसलो. रक्षानं बराच वेळ वाट पाहिली आणि शेवटी विचारलं, "काका, गाडी चालवनार कोन हाय?" मी म्हटलं, मीच. "मग मांग काहून बसून राहिले?" मी म्हटलं, बाई, पुढचं मला ठाऊक आहे, मागचं पाहतोय. रुखमाला कळलं होतं. तिनं पदरानं सीट पुसली.

पेट्यांवरून मात्र आमचं जुंपलं. प्लास्टिकच्या हलक्या आणि दिसायलाही बऱ्या होत्या. मी हट्टानं ॲल्युमिनियमच्या घेतल्या, अगदी कोऱ्या, वर एक चित्रसुद्धा चिकटवू दिलं नाही. जुन्या टाकीचा फोटो माझ्या मोबाईलवर होता, तो रक्षानं पाहिला आणि वाचला. "काका, जुनी गाडी भेट मिळाली होती का?" मी हो म्हटलं. रुखमानं माझ्याकडे पाहिलं, पण तिनंही ते खोडलं नाही.

एक दोष सांगून ठेवतो, नाही तर तू येऊन सांगशील. गाडी उंच आहे आणि माझे पाय तुला माहीतच आहेत. सिग्नलला उभं राहायचं म्हणजे मला चवड्यांवर नाचावं लागतं. परवा बाजारात कलंडता कलंडता वाचलो, दोघांनी धरलं. कुणी हसलं नाही, म्हणजे नंतर हसले असतील. मग कृष्णरावांनी सीट खाली करून दिली, आता बऱ्यापैकी टेकतात. रुखमा पहिल्यांदा बसायला तयारच नव्हती. बहिणीकडे पवनीला नेलं तर आता सगळ्या गल्लीला सांगत फिरते की पायाला मुंग्या आल्या नाहीत म्हणून. धानाची कापणी रस्त्याच्या दोन्ही अंगांना सुरू होती, ऊन कोवळं होतं, आणि खरं सांगतो तुलाराम, या वयात असं काही नवीन मिळेल असं मला वाटलं नव्हतं. मी खूश आहे. गाडी धुताना गाणं म्हणतो. शेजारी तक्रार करतात.

पण गेल्या आठवड्यात भांडी घेऊन सानगडीला गेलो तेव्हा माझी चांगलीच जिरली. पेट्या भरलेल्या, गाडी चकचकीत. गावात शिरताना ऐटीत हॉर्न वाजवला. एक माणूस बाहेर आला नाही. पुन्हा वाजवला. एका कुत्र्यानं मान वर केली आणि परत ठेवली. शेवटी जनाबाईच्या दारात उतरलो, तर ती म्हणते, "तू हायस का रे कैलाश? मले वाटलं कोनी सायब आला. थाळी काहून नाही वाजवली? आन तुलाराम कुठं हाय?" तू मागे बसून थाळी वाजवायचास, ती ऐकून बाया मोडीची भांडी घेऊन बाहेर निघायच्या. गाव आपल्याला थाळीवरून ओळखतं, हे मला कधी कळलंच नव्हतं. मी समजत होतो की मला ओळखतं. पुढे बसून थाळी वाजवता येत नाही, मी पाहिलं वाजवून. हँडल सुटतं.

तिथेच श्यामरावानं पोरीच्या आंदणाला गंगाळ आणि परात घेतली. नाव टाकून द्या म्हणाला. मी मशीन सोबत नेलं होतं. पानठेल्यातून वायर ओढली, चष्मा चढवला आणि बसलो. कसलं नाव, कसलं काय! मशीन माझ्या हातातून असं पळालं की पार काठापर्यंत रेघ गेली. श्यामराव वाकून पाहतो आणि म्हणतो, "कैलाशभाऊ, हे नाव हाय का गांडूळ?" ते गंगाळ मी परत घेतलं, आता माझ्याच घरी पाणी तापतं त्यात. दुसरं दिलं त्याला. नावाची जागा त्यानं कोरीच ठेवायला सांगितली.

मी त्याला तुझ्या हाताचं सगळं सांगितलं. लपवलं नाही. थंडीत लकव्याचा झटका आला, चालायला लागलाय, बोलणं साफ आहे, पण उजवा हात थरथरतो. नाव आता दुसऱ्या कुणाकडून टाकून घे, असंही म्हटलं. तो म्हणाला, "मायच्या भांड्याईवर तुलारामभाऊनंच नाव टाकलेलं हाय, माह्या लग्नाच्याबी. जराकसं वाकडं आलं त काय होते? पोरीले माहीत राहीन ना, कोनं टाकलं ते." मी उठून पेट्या बंद करायला गेलो. एक पेटी दोनदा बंद केली.

आता तुझ्या निरोपाचं उत्तर. मशीन विकलेलं नाही. तेल घालून, फडक्यात गुंडाळून डाव्या पेटीत ठेवलंय. तू अमरला म्हणालास की मी आता कोणाच्या कामाचा नाही, तेही त्यानं मला सांगितलं. ते ऐकून मला तुझा राग आला, अजून गेलेला नाही. थाळी मांडीवर ठेवून तू नेहमी डाव्या हातानं वाजवायचास, उजव्यानं कॅरिअर धरायचास. डावा हात तर धडधाकट आहे. आणि उजव्याचंही मला ठाऊक आहे. तू स्टीलच्या ग्लासवर खिळ्यानं काहीतरी कोरत होतास आणि अपेक्षा आली तसा ग्लास उशीखाली लपवलास. तिनं तू झोपल्यावर पाहिला. नातवाचं नाव आहे म्हणाली, आणि वाचता येतं. रडत होती सांगताना, पण हसतही होती.

तर ऐक. भाऊबीज झाली की मंडया सुरू होतील, गावोगाव जत्रा भरेल. सानगडीच्या मंडईच्या आदल्या दिवशी सकाळी मी नागपूरला येतोय. डॉक्टरांना विचारून झालंय. अमर म्हणाला, डॉक्टर म्हणाले हळू जा, वाटेत थांबत जा आणि दोघंही हेल्मेट घाला. मौद्याला चहा घेऊ, रात्री माझ्याकडे राहू. जिना उतरताना अमर हात देईल, गाडीवर चढताना मी देईन, आणि बसल्यावर सीटच्या पाठीशी तुला पट्टा बांधायचा आहे, त्यावरून माझ्याशी भांडायचं नाही. ती मागची सीट मी तुझ्या मापानं घेतलीय, तुलाराम. ती मोकळी ठेवून गाव फिरायला मला जमत नाही. श्यामरावाच्या पोरीचं नाव आधी टाक. मग उजव्या पेटीवर टाक, ती त्यासाठीच कोरी ठेवलीय. अक्षर थरथरलं तर थरथरू दे. काय लिहायचं ते तुझं तू ठरव. कुणी विचारलं तर ही गाडीसुद्धा भेट मिळाली, असंच मी सांगणार आहे.

पुढच्या सीटवरचा, तुझाच
कैलाश