बिनफोडणीची दाळ

तांडा, दारव्ह्याजवळ
चैत्र, १९५८

सुखी,

तू रागानं माहेरी गेली, त्याच्या आठव्या दिवशी मायच्या अंगावर देवी आल्या. देवी घरात असल्यावर तळण नाही, फोडणी नाही. बाहेर जाणंही बंद, म्हणून चुलीपाशी मीच बसून राह्यलो. सोमवारी कण्या शिजवल्या, काल ताकातली आंबील केली, आज वांगं उकडून मीठ लावलं. भाकर काही गोल होत नाही. माय पडल्या पडल्या म्हणते, "धावजी, हे भाकर हाये का पळसाचं पान?"

तू त्या दिवशी फोडणी द्यायची विसरली, एवढंच झालतं. अन् मी थाळी लोटून देल्ली. आता तशीच दाळ मी दोन्ही टायमाले बोटं चाटून खातो.

हे पत्र मी टाकत नाही. देवीचं वाचून तू पहिल्या मोटरीनं येशील, अन् लस तू अजून टोचून घेतली नाही. मायच्या खपल्या गळल्या की मीच न्यायले येतो. घरी आल्यावर पहिल्या दिवशी दाळीले फोडणी देऊ नको. मले ते थाळी पुरी करायची हाये.

तुह्या वाटेवर डोळे लावलेला,
धावजी