सुरई डावीकडेच फिरते

मी, गेरेंट ट्रेगेन्झा, नौदलाचा निवृत्त कमांडर, राहणार प्लिमथ, पूर्ण शुद्धीत आणि आज जरा जास्तच आनंदात, हे माझे मृत्युपत्र करतो. आधीची सर्व रद्द.

१. घर व बँकेतील शिल्लक कन्या लोवेना हिला. ती परराष्ट्र खात्यात आहे. देशाने युरोपीय संघ सोडावा असे माझे मत होते, सोडू नये असे तिचे. भांडलो, पण रविवारचे जेवण चुकवले नाही. परवा तिचाच फोन आला.

"बाबा, झाला करार! संघाबरोबर, संरक्षणाचा!"

"म्हणजे आपली जहाजं त्यांच्या मोहिमांवर जाणार?"

"त्यांनी बोलावलं तर. खुर्ची मिळेल, मत नाही."

खुर्ची तर खुर्ची! मी स्वयंपाकघरात एकट्याने टाळ्या वाजवल्या.

२. सुतारकामाची हत्यारे नौकानयन क्लबला. सचिव रोस्कीली यांनी त्यांना हात लावू नये. माझा रंधा अजून त्यांच्याकडेच आहे.

३. पोर्ट वाइनची काचेची सुरई, भरून, फ्रान्समधल्या ब्रेस्टचे निवृत्त कमांडर यान केरव्हेला यांना. संघाच्या चाचेविरोधी मोहिमेत आम्ही शेजारी बसून काम केले. देश बाहेर पडणार म्हणून मोहिमेचे मुख्यालय ब्रिटनमधून हलले. निरोपाच्या जेवणाला मी यजमान, यान माझ्या उजवीकडे. आमच्या नौदलात सुरई यजमानापासून डावीकडेच फिरते. सगळे टेबल फिरून ती यानपाशी आली तेव्हा रिकामी होती.

"बाहेर पडलात तुम्ही, आणि कोरडा राहिलो मी!" असे म्हणून तो उठून गेला. तेव्हापासून अबोला. कराराची बातमी कळताच त्याचा फोन: "म्हाताऱ्या, आहेस ना अजून? निघालो मी."

सहीच्या वेळची दुरुस्ती: यान पोहोचला. एक साक्षीदार कमी होता, म्हणून त्याने पेन उचलले. शेजारीण डेमेल्झा ओरडली, "अहो, थांबा! साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. सही केलीत की सुरई गेली!"

"सहीला तरी बोलावलंय ना?" यान म्हणाला. "आण इकडे कागद."

सबब कलम ३ रद्द. सुरई कोणालाच नाही. ती आत्ता टेबलावर आहे, काठोकाठ, आणि यान माझ्या डावीकडे बसला आहे.

गेरेंट ट्रेगेन्झा (सही)

कमांडरांनी आम्हा दोघांसमोर सही केली. पेल्यांना हात त्यानंतरच लागला.

साक्षीदार: डेमेल्झा हॉकिंग (सही)
यान केरव्हेला (सही)

प्लिमथ, २१ मे २०२५