इथे माझी डाळ शिजत नाही

॥ श्री ॥
मिल्टन फोर्ड, इलिनॉय
९ सप्टेंबर २०२४

चि. गुरुनाथ यास अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही इकडे खुशाल, तुमची खुशाली कळव. फोनवर मला ऐकू येत नाही आणि तुला थांबता येत नाही, म्हणून हे पत्र. मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊकच आहे. मी सांगते, कादंबरी जेवणाच्या सुट्टीत लिहून घेते आणि फोटो काढून तुझ्या फोनवर धाडते. सासूचं बोलणं सून लिहिते म्हटल्यावर त्यात काय उरत असेल, ते तूच समजून घे. दोनदा वाचून दाखवायला लावते मी, तरी मधलं काय गाळलं ते देवाला ठाऊक.

निमिषच्या नोकरीपायी या लहानशा गावात आलो त्याला उन्हाळा लोटला, पण मला काही जमत नाही. इथलं पाणी फार जड. कितीही चोळा, फेस म्हणून येत नाही. केस हातात येतात. तू दिलेलं इरकल धुऊन इतकं ताठ झालंय, की खुर्चीवर ठेवलं तर मीच बसले आहे असं वाटतं. चहावर दूध घालायच्या आधीच साय धरते. नळाच्या तोंडाला पांढरी खरपुडी, निमिष दर रविवारी तिला व्हिनेगर पाजतो. नैना शाळेतून आली की केसांचा झाडू झाला म्हणून इंग्रजीत रडते. पहिल्यांदा वाटलं, माझंच काही चुकतंय. आता गप्प बसते. कादंबरीला सांगून उपयोग नाही. ती म्हणते, आई, इथे असंच आहे, सवय करून घ्या.

सगळं सोसलं असतं, पण परवा हद्द झाली. आधी मी कादंबरीलाच बोलले होते, की तुझ्या आईने तुला डाळ भिजवायलासुद्धा शिकवलं नाही. मग आमची डाळ येते त्या नेपरव्हिलच्या दुकानदाराला नावं ठेवली. शेवटी स्वतः उठले आणि कुकर लावला. शिट्ट्या मोजायचं सोडून दिलं. झाकण काढलं तर दाणा न् दाणा माझ्याकडे टकमक बघतोय. काय सांगू बाबा, इथे माझी डाळ शिजत नाही.

सौ. सुहासिनीला आशीर्वाद. लोभ असाच वाढू दे, तेवढ्याला तरी पाणी लागत नाही.

तुझी अक्का


मिरज
१३ सप्टेंबर २०२४

ती. अक्काच्या चरणी गुरुनाथचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. एकदा वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अक्का, मी शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलं. या ओळींतून काय सुचवायचे आहे, हा प्रश्न मी किती पिढ्यांना घातला असेल. तो आज मलाच सोडवावा लागला.

लिहिणारी कोण आहे हे ओळखून तू सगळं पाण्यावर घातलंस. जड काय आहे ते कळलं. जीव ओतला तरी फेस येत नाही, हेही कळलं. गप्प बसते म्हणतेस. तू, आणि गप्प? सवय करून घ्या, हे उत्तर तर मला इथे बसून ऐकू आलं. आणि शेवटी ते वाक्य. लेकाच्या घरात आपली डाळ शिजत नाही हे बहिणीला कुकरच्या आडून सांगावं लागतं, याचं फार वाईट वाटलं.

मागच्या खोलीला रंग देऊन घेतला आहे. आमच्या शंतनूला तुझं तिकीट बघायला सांगितलं आहे. सुहासिनी म्हणते, अहो, पाण्याचंच असेल. पण तिला कविता पहिल्यापासून कळत नाहीत.

कादंबरी, हे पत्र तूच वाचून दाखवत असशील. तर नीट वाच. अक्काला माहेर आहे अजून.

कृपा आहेच, ती इकडे येऊन करावी.

तुझा गुरुनाथ


॥ श्री ॥
मिल्टन फोर्ड
२२ सप्टेंबर

चि. गुरुनाथ यास आशीर्वाद. वि. वि.

अक्षर निमिषचं आहे, कोंबडीचे पाय दिसले तर घाबरू नकोस. त्याने कॉलेजनंतर आजच मराठी लिहायला घेतलंय आणि मी दहा वाक्यं सांगितली की तो दोन लिहितो.

तुझं पत्र कादंबरीने मला वाचून दाखवलं. एक शब्द गाळला नाही. बातम्या देतात तशा आवाजात वाचलं, फोन पालथा ठेवला आणि मीटिंगला गेली. तेव्हापासून आमच्यात 'वाढलंय' आणि 'पुरे' एवढेच दोन शब्द चालतात. लिहायला बस म्हटलं, तर म्हणाली, तुम्हाला मोकळेपणाने सांगायचं असेल, निमिषला सांगा.

अरे गाढवा. (हा शब्द निमिष लिहीत नव्हता, मी लिहायला लावला.) डाळ म्हणजे तुरीची डाळ. पाणी म्हणजे नळाचं पाणी. मी कादंबरीला म्हटलं, मामा खुळा आहे. तर ती म्हणाली, आई, पण मामा तुम्हाला जन्मापासून ओळखतात, मी पंधराच वर्षं. याच्यावर काय बोलू सांग. मी सगळा जन्म तिरकं बोलले, आता सरळ बोलले तरी लोक वळण शोधतात.

इकडे निमिषने पाणी मऊ करायचं यंत्र बसवलं. बेसमेंटात पिंपाएवढं आहे, आणि त्यात पोत्याने मीठ ओततात. डॉक्टरने माझ्या ताटातलं मीठ काढलं, ते यांनी नळाला वाढलं. आता अंघोळीला उलटीच तऱ्हा, साबण जाऊन युग झालं तरी अंग बुळबुळीतच. आणि प्यायला मिठाचं पाणी नको म्हणून प्लंबरने स्वयंपाकघराचा पाइप यंत्रातून वगळला. म्हणजे मी मऊ झाले, डाळ दगडच राहिली. निमिष म्हणतो, पुढच्या महिन्यात बघू. या घरात सगळं पुढच्या महिन्यात असतं.

तिकीट काढू नकोस. लोभ ठेव, अक्कल असेल तर तीही ठेव.

अक्का


मिरज
२५ सप्टेंबर

ती. अक्कास नमस्कार. वि. वि.

गाढव वगैरे वाचून बरं वाटलं, तब्येत चांगली दिसते. पण अक्षर मुलाचं. मुलगा बायकोविरुद्ध काय लिहिणार? तो दहाची दोन करतो हे तूच लिहवलं आहेस. मग ती आठ कुठली होती?

शंतनूने तिकीट धरून ठेवलं आहे, सोमवारपर्यंत काढायचं की सोडायचं ते सांगायचंय. तू एक वाक्य सांग. सरळ, अलंकाराशिवाय, डाळ आणि पाणी हे दोन्ही शब्द न वापरता. तिथे तुझं कसं चाललंय, एवढंच. ते आलं की मी मानीन.

वाट पाहतो. आशीर्वाद असू द्यावा.

गुरुनाथ


॥ श्री ॥
मिल्टन फोर्ड
२८ सप्टेंबर

चि. गुरुनाथ यास आशीर्वाद. वि. वि.

अक्षर ओळखलं असशील. कसं बसवलं तिला ते सांगते.

काल सकाळी बेसमेंटच्या जिन्यावर पावलं वाजली. मला कमी ऐकू येतं, पण त्या जिन्याची लाकडं पायाला कळतात. जाऊन बघते तर कादंबरी मोठं पातेलं दोन्ही हातांनी धरून वर येत होती, कडेने पाणी सांडत होतं. खाली कपडे धुवायच्या जागी नळ आहे, त्याला यंत्राचं पाणी येतं. ते ती वर आणते, त्यात डाळ भिजवते, त्यातच शिजवते. गेले काही दिवस असंच चाललंय म्हणे. माझ्याशी बोलत नव्हती तेव्हाही आणत होती. मी आपली रोज जेवत होते आणि मनात म्हणत होते, चला, दुकानदार सुधारला.

पाण्यात मीठ उतरतं म्हणून माझ्या आमटीत ती वरून मीठ घालत नाही. मी चार दिवस आमटी अळणी म्हणून नाक मुरडलं. तेव्हाही तिने सांगितलं नाही. मी विचारलं, बाई, बोलली का नाहीस. तर म्हणाली, बोलले असते तर तुम्ही त्यावर काहीतरी बोलला असता. हे मात्र खरं आहे.

मग मी म्हटलं, लिहायला बस, मामाला सरळ वाक्य हवंय. म्हणाली, मीटिंग आहे. म्हटलं, वाक्य लहान आहे. बसली. तर ऐक.

(मामा, नमस्कार. इथे आईंनी वाक्य सांगितलं. डाळ आणि पाणी हे शब्द त्यात नव्हते. मी ते लिहिलेलं नाही. तुम्ही त्याचा अर्थ काढाल. मला ते ऐकलं तसंच ठेवायचं आहे. तिकीट सोडून द्यावं ही विनंती. — कादंबरी)

बघ, हिने पेन थांबवलं, मग भलतंच लांब काहीतरी लिहिलं. एवढं मोठं वाक्य मी सांगितलं नव्हतं. वाचून दाखव म्हटलं तर फक्त तिकीट सोडून द्यावं, एवढंच वाचते आणि नाक पुसते. मला अक्षर येत नाही म्हणून हिचं फावतंय.

असो. स्वयंपाकघराचा पाइप अजून तसाच आहे, माझा चहा अजून साय धरतो, आणि निमिषचा पुढचा महिना अजून उजाडायचाय. इरकल मात्र परवा मऊ निघालं. मागची खोली रंगवलीच आहेस, तर सुहासिनीला दे. कविता तिलाच कळतात.

लोभ आहे तसा राहू दे, त्याचा अर्थ काढत बसू नकोस.

तुझी अक्का