न विचारता वाढलेला भात

प्रिय मोठीमाय,

वॉर्डातली प्रत्येक बातमी तुला सगळ्यांच्या आधी लागायची, म्हणून ही मीच कळवते. काल विहारात जयंतीच्या जेवणात भात कमी पडला. धान पिकवणाऱ्या आपल्या बालाघाटात, भात! आणि तोही माझ्यामुळे.

दरवर्षी बैठकीत "वाढायले कोण?" असं विचारायचा अवकाश, तुझा हात वर. तेवढ्यानं भागायचं नाही. दुसऱ्या हातानं माझं मनगट धरून तेही वर करायचीस. "हे येते न! इले काय काम हाय घरी?" मी लाजेनं अर्धी व्हायचे. तुला वाटायचं, मला हौसच नाही. अगं, हौस होती, आवाज नव्हता!

यंदा, तू गेल्यावर पहिल्यांदाच, तोच प्रश्न आला आणि सगळे सवयीनं तू टेकून बसायचीस त्या खांबाकडे बघू लागले. तिथं अजून कुणी टेकत नाही. ते बघणं मला सोसवेना. माझा हात वर गेला, कुणी न धरता!

पंगतीत मात्र "भात, भात" असं ओरडणं काही जमेना. ताट रिकामं दिसलं की मी मुकाट्यानं वाढत सुटले. रामपायलीहून आलेले भाऊजी दोन्ही हात ताटावर आडवे धरून म्हणाले, "शालू, इचारशीन त खरं! मोठीमाय इचारे लय, वाढे थोडं. तू त इचारतच नाही!"

बायकांची शेवटची पंगत बसली आणि भाताचा मोठा गंज तळापर्यंत रिकामा. पुन्हा सगळ्यांच्या माना त्या खांबाकडे वळणार, तेवढ्यात मी ओरडले, "घरी असंन तेवढा भात आना वो! जसा हाय तसा!"

स्वतःचाच आवाज ऐकून मी दचकले. पण पातेली आली, डबे आले, एक कुकर तर शिट्टीसकट आला. जाड, बारीक, मऊ, फडफडीत, सगळा भात एकाच पंगतीत!

शेजारची कमल म्हणाली, "काहून वो, आजपर्यंत कुठं ठेवला होता हा आवाज?"

कुठं ठेवणार? तू बोलायला असताना त्याचं काम तरी काय होतं?

कमलची नवी सून माझ्यासारखीच मुकी आहे. पण काल सगळी ताटं तिनंच उचलली, कुणी न सांगता. पुढच्या बैठकीत तिला तुझ्या खांबाशी बसवीन आणि तिचा हात धरून वर करीन. पण आधी विचारीन, वचन!

नाही म्हणाली तर? थोडं थांबून पुन्हा विचारीन.

तुझी,
शालू