एकोणीस खेळ आणि एक लिंबूटिंबू

प्रिय स्वरदा,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून कागद काढला. उजवा हात शाबूत आहे आणि अक्षर अजून वैजापूर तहसीलच्या कारकुनाचंच आहे, तेव्हा वाचायला कुरकुर करू नकोस. येत्या डिसेंबरात मला पुण्याला न्यायचं, असं तू आणि श्रीरंगनं, दोघा भावंडांनी, ठरवलंय ना, त्यावर शेवटी येते. आधी माझ्या कपाटाची खबर ऐक.

कपाटात आता एकोणीस खेळ झालेत! मागच्या वर्षी झटका आल्यावर डॉक्टर म्हणाले, मेंदूला काम द्या, आणि तू तो रंगीत फरश्यांचा खेळ आणलास. त्या एकाचे एकोणीस झाले. साड्या खालच्या पेटीत गेल्या नि त्यांच्या कप्प्यात डबे उभे राहिले. उभेच ठेवायचे बरं का, आडवे रचले की खालचा चेपतो. दोन चेपल्यावर अक्कल आली. पत्त्यांना एकेक करून प्लॅस्टिकची कव्हरं घालते. डाव्या हाताची बोटं त्यानंच वळायला लागलीत, तो व्यायामाला दाबायचा रबरी चेंडू पडलाय कोपऱ्यात. सिडकोतल्या श्रेया नावाच्या कॉलेजच्या पोरीकडून एक जुना डबा घेतला, त्यात एक लाकडी ठोकळा कमी निघाला. तिथं चिंचोका ठेवलाय, आणि आता प्रत्येकाला तो चिंचोकाच पाहिजे असतो.

डब्यांवरची नावं आमच्या जिभेला झेपत नाहीत, म्हणून बारशी आम्हीच केली. रेल्वेचा, मसाल्यांचा, पाखरांचा, बुडत्या बेटाचा. मला नवल वाटतं ते हे की असलं सुचतं तरी कुणाला? पाखरांच्या डब्यात पावणेदोनशे पाखरं आहेत आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. कुणीतरी माणूस कुठंतरी टेबलाशी बसून विचार करत असेल, की घुबडाला काय काम द्यावं, बगळ्याला काय! तेहतीस वर्षं मी नियम राबवले, पण नियम मजेसाठीसुद्धा करतात हे एकसष्टाव्या वर्षी कळलं. नवा डबा आला की दोन दिवस मी फक्त नियमांचं पुस्तक वाचते. पेन्सिलीनं खुणा करते. सरूबाई स्वयंपाकाला येते ती म्हणते, बाई परत हापिसात जायला लागल्या.

खेळायला शेजारची महेजबीन असते आणि वरच्या मजल्यावरचे राजकुमार, पैठण डेपोतून रिटायर झालेले कंडक्टर. रेल्वेच्या खेळात ते लांबचा मार्ग घेतच नाहीत, प्रवाशांचे हाल होतात म्हणे! बुडत्या बेटाच्या खेळात सगळ्यांनी मिळून बेट वाचवायचं असतं, सगळे जिंकणार नाहीतर सगळे बुडणार. तिथं तर ते सगळ्यांनाच पुढं सरकवायला लागले, तुम्ही इकडं जा, तुम्ही तिकडं व्हा. महेजबीननं पत्ते टेबलावर आपटले आणि सांगितलं, की बेट सगळ्यांचं असलं तरी माझी खेळी मी खेळणार. तेव्हापासून आपलीच सोंगटी हलवतात बिचारे.

आता जे लिहिते त्यानं रागावू नकोस. तू आणलेल्या पहिल्या खेळाचं पुस्तक मी वाचलंच नव्हतं, नियम तू तोंडी सांगितले होतेस. जुलैत महेजबीनला शिकवायचं म्हणून बसले आणि चौथ्या पानावर अडले. जादा झालेल्या फरश्या फुटतात आणि त्यांचे गुण वजा होतात, असं चक्क छापलंय. तू म्हणाली होतीस, काही होत नाही आई, त्या नुसत्या बाजूला ठेवायच्या. आधी वाटलं, चुकली असेल पोरगी. पण मग आठवलं, तुझ्या फरश्या फुटल्या की तू आपले गुण गुपचूप कमी करायचीस. गणपतीत श्रीरंग आला, तर त्यानंही अगदी तसंच केलं. म्हणजे तुमचं दोघांचं ठरलेलं! मी अकरा डाव जिंकले म्हणून सगळ्या बिल्डिंगला सांगत फिरत होते गं. गुणांच्या वहीत मी बाजूला ठेवलेल्या फरश्याही टिपलेल्या होत्या; हिशेब करून पाहिला, तर त्यातले नऊ मी हरलेले होते.

लई लागलं मला. लहानपणी लगोरीत शेंबड्या पोराला लिंबूटिंबू म्हणून घ्यायचो. त्यानं खेळायचं, धावायचं, पण तो बाद होत नाही आणि त्याचं राज्यही येत नाही. तुम्ही मला तसं घेतलंत. माया होती, कळतं मला. पण लिंबूटिंबूला कुणी विचारत नाही, की डाव कुठं मांडायचा. महेजबीनचं तसं नाही. बाहेर ती माझा हात धरून जिने उतरवते, पण पटावर लिहाज नाही, भीडभाड नाही म्हणते. पहिल्याच डावात तिनं मला चाळीस गुणांनी धुतलं. घरी येऊन मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

तुला आठवतं का माहीत नाही, तू सात वर्षांची असताना सापशिडीत मी मुद्दाम चुकीचं घर मोजून सापाच्या तोंडात गेले होते. तू पट उधळलास आणि नीट खेळ म्हणून अर्धा तास भोकांड पसरलंस. मला वाटलं होतं, खूश होशील.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. रविवारी तू धाडलेला एजंट दोन माणसं घेऊन घर बघायला आला होता. मी त्यांना चहा दिला, आणि घर विकायचं नाही म्हणून सांगितलं. तो तुला फोन करीलच, त्याच्या आधी माझ्याकडून कळावं. भीती वाटत नाही असं नाही गं. परवा पेला हातातून सुटला तेव्हा खाली बसून रडले. पण बाथरूममध्ये दांडा बसवलाय, महेजबीनकडं किल्ली आहे, आणि जमेनासं झालं की पहिला फोन तुलाच करीन, हा शब्द देते. तोवर भांड माझ्याशी, रुस, दिवाळीला येऊन तोंडावर बोल. फक्त माझी खेळी तू खेळू नकोस, बाळा.

तुझीच,
आई