पाणी चढावर जात नाही

४ तारीख, रविवार

क्लबातल्या युद्धखेळात बाबांची आणखी एक फलटण गेली! त्यांच्याविरुद्ध खेळणाऱ्या दातांच्या डॉक्टरने फासे टाकले, दोन्ही सहा. बाबांचे शिशाचे सैनिक टेबलावर आडवे, आणि बाबा चष्मा पुसत बसलेले. आता पुलापलीकडच्या किल्ल्यात त्यांचं एकच निशाण उरलंय. ते पडलं की मोहिमेतून बाद. नियम माझाच! मोहीम मी चालवते, दोघांचे बंद पाकिटातले हुकूम मी वाचते, बखर मी लिहिते. कुठल्या मुहूर्तावर सुचला होता हा नियम?

आई गेल्यावर दोन महिन्यांनी बाबांनी हाताने काढलेला नकाशा माझ्यापुढे टाकला. ‘याचं काहीतरी कर.’ म्हटलं, चला, माणूस कशात तरी रमला. अजूनही घराबाहेर पडतात ते फक्त रविवारी, या टेबलासाठी. निशाण पडलं तर तेही संपलं.

६ तारीख

ऑफिसात लक्ष लागेना. नदीला पूर आणते. पूल बुडेल, डॉक्टरचं सैन्य अलीकडेच अडकेल. हवामान मोहीम चालवणाऱ्याच्या हातात असतं — असतंच!

११ तारीख, रविवार

फजिती! पूर आल्याची बखर वाचून दाखवली. बाबा नकाशावर वाकले. चाळीस वर्षं जमिनी मोजलेला माणूस! ‘पूल दरीच्या वर आहे. तो बुडायच्या आधी खालची तीन गावं बुडतील. पाणी चढावर जात नाही, बाळ.’

पूर रद्द. बुडत्याने स्वतःच काडी फेकून दिली! ‘बाबा, जरा गप्प बसता येत नाही?’ सगळ्यांसमोर मी बोलून गेले.

१२ तारीख

अबोला. बाबा चहा दाराशी ठेवून गेले. लाज वाटली, पण प्यायले.

१५ तारीख

राहवेना. डॉक्टरला फोन केला — जरा सबुरीनं घ्या, त्यांचं एकच निशाण राहिलंय. तो हसला. ‘अहो, मी महिनाभर हल्लाच करत नाहीये. तेच चालून येतात माझ्यावर!’

बखर चाळली : खरंच, हल्ले सगळे बाबांचेच, मी नुसती हार मोजत होते. बाबा? जे घर सोडताना कुलूप तीनदा ओढून बघतात, ते?

१७ तारीख, शनिवार

बाबांचं पाकीट उघडलं. ‘हुकूम : किल्ल्याचा दरवाजा उघडावा. निशाण उतरवावं.’ खाली बारीक अक्षरात — ‘आई गेल्यावर तू खोलीबाहेर येईनाशी झालीस, म्हणून नकाशा काढला होता. आता तू चारचौघांत रमलीस. मला रविवारी दुपारी झोपू दे.’