आईने केलेला ओटा खाऊ नकोस

सेईनी,

मी चर्चच्या गाण्याच्या सरावाला चाललोय. आईने तुझ्यासाठी माशाचा ओटा करून ठेवला होता. लिंबात कितीही मुरला तरी मासा कच्चाच, म्हणून सगळा मीच खाल्ला. ती ओरडली तर माझं नाव सांग. नाहीतरी घरात हावरट मीच.

भट्टीतला लू बिनधास्त खा, अळूची पानं छान शिजलीत. रताळी आहेत, लहान मासे भाजून ठेवलेत. मामा शार्क घेऊन आला तर पोट बिघडलंय म्हण. मोठ्या माशात पारा असतो म्हणे. दवाखान्यातल्या नर्सला विचारलं मी. मित्राच्या बायकोसाठी हवंय म्हणालो, तर फिदीफिदी हसली.

शुक्रवारी टॅक्सीतून एक गिऱ्हाईक घेऊन तिथे गेलो होतो. गरोदर बायकांच्या बाकावर मी कुणालाही पाहिलेलं नाही. आपल्यात भावाने बहिणीपाशी असले विषय काढायचे नसतात, म्हणून मी काढतही नाहीये.

आईला सांगशील तेव्हा मला घरात थांबता येणार नाही. पण टॅक्सी दारातच उभी असेल, आणि मी तिच्यात बसलेला असेन.

सेमिसी